लेगोच्या माणसांचा चित्रपट : स्थिर चौकट, हलती माणसे

लेगो या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्यातील छोटी माणसे, म्हणजे मिनिफिगर, 1978 मध्ये बाजारात आली. त्यांची उंची जेमतेम चार सेंटिमीटर असते आणि हलवता येतील असे भाग सातच असतात : डोके, दोन हात, दोन पंजे आणि दोन पाय. त्यांना कोपर नाही, गुडघा नाही आणि कंबरेत वळताही येत नाही. तरीही या माणसांना घेऊन, एकेक छायाचित्र टिपत, चित्रपट तयार करणारे हौशी लोक जगभर आहेत. विटांचा असा चित्रपट तर डेन्मार्कमधील दोन चुलतभावांनी ही माणसे बाजारात येण्याच्याही आधी, 1973 मध्ये, सुपर-8 या हौशी फिल्म कॅमेऱ्यावर केला होता. एकेक फ्रेम टिपण्याचे मूळ तंत्र आपल्याकडेही जुनेच आहे. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या बीचे रोप होताना अशाच पद्धतीने चित्रित केले होते आणि पुढे आगकाड्या सरकवून एक छोटा चित्रपटही केला होता.

कथा, संवाद आणि ध्वनी हे स्वतंत्र विषय आहेत. येथे केवळ पडद्यावर काय दिसते याचाच विचार केला आहे. या सर्व तंत्रांच्या मुळाशी एकच नियम आहे. जे हलायला हवे तेवढेच हलले पाहिजे, आणि टेबल, कॅमेरा, उजेड, रंग यांपैकी काहीही एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना बदलता कामा नये. प्रेक्षकाचा डोळा सतत हालचाल शोधत असतो. मागच्या भिंतीवरचा उजेड लुकलुकत असेल, तर पुढचा माणूस कितीही चांगला चालला तरी नजर भिंतीकडेच जाते. नवशिक्या चित्रपटांतील पुष्कळशी अडचण माणसाच्या चालीत नसून या भिंतीतच असते, असे माझे ठाम मत आहे.

मांडणी घट्ट कशी करावी

ज्या टेबलावर चित्रीकरण करायचे ते जड असावे आणि डुगडुगणारा पाय असल्यास त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालावी. लेगोचा तळपाट टेबलावर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवावा किंवा सुताराच्या शिकंज्याने आवळावा, कारण माणूस हलवताना बोटाचा धक्का पाटाला लागतोच आणि अर्ध्या मिलिमीटरची सरकही पडद्यावर भूकंपासारखी दिसते. ट्रायपॉडचे पाय जेथे टेकतात तेथे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, म्हणजे कोणाचा पाय लागून तो सरकला तरी पुन्हा जागेवर आणता येतो.

छताचा पंखा बंद ठेवणे ही आपल्याकडील घरांत पहिली अट आहे. पंख्याने पडदे, कागदी पार्श्वभूमी आणि धुरासाठी ठेवलेला कापूस हलतो हे तर उघडच आहे. परंतु दिवा पंख्याच्या वर किंवा पातळीत असेल तर पात्यांची सावली प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडते आणि तिचे कारण नंतर शोधूनही सापडत नाही. उकाड्याच्या दिवसांत म्हणूनच रात्री चित्रीकरण करणे सोयीचे ठरते, आणि बाहेरच्या उजेडाचा प्रश्नही त्याबरोबरच सुटतो.

कॅमेऱ्याचे बटण बोटाने दाबू नये. मोबाइल वापरत असल्यास तारेच्या इअरफोनवरील आवाज वाढवण्याचे बटण अनेक फोनमध्ये छायाचित्र टिपण्यासाठी चालते; नाहीतर ब्लूटूथचा छोटा रिमोट घ्यावा. स्टॉप मोशन स्टुडिओ हे मोबाइलवरील ॲप किंवा संगणकावरील ड्रॅगनफ्रेम यांपैकी काहीही वापरले तरी चालेल. त्यात मागचे चित्र पुढच्यावर अर्धपारदर्शक दिसण्याची सोय, म्हणजेच ओनियन स्किन, आहे एवढे मात्र पाहून घ्यावे. माणूस किती सरकला हे त्या सोयीशिवाय नेमके कळत नाही, आणि चुकून पडलेला माणूस परत जागेवर उभा करणेही तिच्याच भरवशावर जमते.

उजेड

खिडकीतून येणारा उजेड सुंदर असला तरी या कामासाठी तो निरुपयोगी आहे. दहा सेकंदांचे दृश्य टिपायला दोन-तीन तास सहज लागतात, तेवढ्या वेळात सूर्य सरकतो आणि ढग येऊन जातात, आणि पडद्यावर दहा सेकंदांत सकाळची दुपार होते. जाड पडदे ओढून खोलीत पूर्ण अंधार करावा आणि केवळ आपल्या दिव्यांवर काम करावे. अभ्यासाच्या टेबलावरचे मान वळणारे दोन एलईडी दिवे सुरुवातीला पुरेसे होतात. जुने पिवळे बल्ब टाळावेत, कारण वीजदाब कमी-जास्त झाला की त्यांचा उजेड लगेच कमी-जास्त होतो. चांगल्या प्रतीच्या एलईडी दिव्यातील ड्रायव्हर, म्हणजे वीज नियंत्रित करणारा भाग, हा चढउतार बऱ्याच अंशी झेलतो.

आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ आहे, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला 100 वेळा मंद आणि प्रखर होत असतो. शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणारी झडप, फार वेगाने उघडून मिटले, तर एखादे चित्र प्रखर क्षणी आणि पुढचे मंद क्षणी टिपले जाते आणि चित्रपट लुकलुकतो. उपाय सोपा आहे. वस्तू स्थिर असल्याने शटर हवे तितके सावकाश ठेवता येते. ते सेकंदाचा पंचविसावा, दहावा किंवा अर्धा भाग असे ठेवले की प्रत्येक चित्रात उजेडाची पूर्ण आवर्तने सामावतात आणि फरक राहत नाही. त्याच कारणाने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनक्षमता, 100 किंवा 200 इतका कमी ठेवता येतो आणि चित्रात दाणे येत नाहीत.

कॅमेऱ्यावरची कोणतीही गोष्ट स्वयंचलित ठेवू नये. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हे तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करावेत. लाल अंगरख्याचा माणूस चौकटीत शिरला की स्वयंचलित व्हाइट बॅलन्स सगळ्या दृश्याचा रंग बदलतो, आणि ही चूक नंतर संगणकावर दुरुस्त करणे फार कष्टाचे असते. डीएसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा, वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. प्रत्येक चित्राच्या वेळी भिंगातील ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पाकळ्या मिटतात आणि दर वेळी अगदी त्याच मापावर येत नाहीत, त्यामुळे सगळी मांडणी बिनचूक असूनही बारीक लुकलुक राहते. ज्या भिंगावर ॲपर्चरची कडी हाताने फिरवता येते असे जुने भिंग वापरल्यास ती बहुतेक वेळा थांबते.

चित्रीकरण करणाऱ्याचे कपडे हासुद्धा उजेडाचाच भाग आहे. पांढरा सदरा घालून टेबलाजवळ बसले, तर तो सदरा उजेड परतवतो आणि आपण मागेपुढे झालो की चकचकीत प्लास्टिकवर त्याचे प्रतिबिंब हलते. गडद, शक्यतो काळे कपडे घालावेत आणि प्रत्येक चित्र टिपताना त्याच जागी मागे सरकून बसावे.

विटांचे प्लास्टिक गुळगुळीत असल्यामुळे उघड्या दिव्याचा पांढरा ठिपका माणसाच्या छातीवर आणि डोक्यावर दिसतो. दिव्यापुढे हातभर अंतरावर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर लावला की उजेड पसरतो आणि ठिपका विरतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळोखी सौम्य होते. मात्र सगळीकडून सारखाच मऊ उजेड टाकल्यास दृश्य दुकानातील जाहिरातीसारखे सपाट दिसते. भर दुपारचे ऊन दाखवायचे असेल, तर एक दिवा बिनकागदाचा, दूर आणि उंच ठेवून कडक सावली पडू द्यावी. रात्र दाखवण्यासाठी उजेड नुसता कमी करू नये. मागून आणि एका बाजूने निळा उजेड टाकून माणसाची कड उजळावी आणि खिडकीतून किंवा दिव्याच्या खांबावरून थोडा पिवळा उजेड येऊ द्यावा. निळ्या-पिवळ्या उजेडासाठी पतंगाचा कागद किंवा रंगीत जिलेटीन पेपर पुरतो, पण तो न तापणाऱ्या एलईडी दिव्यावरच आणि थोडे अंतर राखून लावावा.

लहान जगाला मोठे दाखवणे

आपण टेबलाकडे वरून पाहतो, म्हणून नवखा माणूस कॅमेराही वरच ठेवतो, आणि मग प्रत्येक दृश्य टेबलावर मांडलेल्या खेळण्यांचे दिसते. भिंग माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे टेबलापासून सुमारे तीन सेंटिमीटरवर आणले की तोच रस्ता खराखुरा रस्ता वाटू लागतो. मोबाइलचे भिंग वरच्या टोकाला असते, म्हणून फोन उलटा उभा करावा. भिंग टेबलालगत येते आणि चित्र नंतर सरळ फिरवून घेता येते.

जवळून टिपलेल्या चित्रात पुढची वस्तू स्पष्ट आणि मागचे सगळे धूसर होते. ही धूसरता जितकी जास्त तितका डोळा ती वस्तू लहान आहे असे ओळखतो. ॲपर्चर एफ-8 ते एफ-16 च्या दरम्यान, म्हणजे छिद्र लहान, ठेवले, तर मागच्या इमारतीही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात आणि जग मोठे वाटते. चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यात मात्र पार्श्वभूमी थोडी धूसर असलेली बरी, कारण तेथे लक्ष चेहऱ्यावरच हवे असते.

आकाशासाठी चकाकी नसलेला निळा कार्डशीट कागद मांडणीच्या मागे किमान 30-40 सेंटिमीटर अंतरावर लावावा आणि त्याच्यावर स्वतंत्र दिवा टाकावा; जवळ लावल्यास इमारतींची सावली आकाशावर पडते आणि सगळा भास मोडतो. दृश्य दूरवर पसरलेले दाखवायचे असेल, तर पुढची घरे माणसाच्या मापाची, त्यामागची निम्म्या मापाची आणि सर्वांत मागची चार-सहा विटांची अशी उतरत्या आकाराने बांधावीत. कॅमेरा न हलवल्यास हात-दीड हात लांबीच्या टेबलावर मैलभर शहर दिसते.

हालचाल

सेकंदाला किती चित्रे टिपायची हे आधी ठरवावे लागते. चित्रपटगृहातील चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. विटांच्या चित्रपटांत 12 किंवा 15 चित्रांची पद्धत रुळली आहे. सुरुवात करणाऱ्याने 12 च धरावीत असे मी सुचवीन. एका मिनिटाला तेव्हाही 720 चित्रे लागतात, आणि 24 धरल्यास हीच संख्या 1440 होते. अधिक चित्रांनी हालचाल सुधारतेच असे नाही; अंतरे चुकली असतील तर ती चूक दुप्पट मेहनतीने तशीच राहते.

अंतर हा या कलेचा गाभा आहे. माणसाने हात वर करून कोणाला हाक मारावी, असे दृश्य घ्या. हात खालून वर नेण्यासाठी सहा चित्रे ठरवली आणि प्रत्येक चित्रात तो सारख्याच अंशाने उचलला, तर ते फाटकाचा दांडा वर गेल्यासारखे दिसते. त्याऐवजी पहिल्या चित्रात हात किंचित मागे न्यावा, कारण जिवंत शरीर कोणतीही हालचाल करण्यापूर्वी उलट दिशेने तयारी करते. दुसऱ्या चित्रात तो थोडासाच पुढे यावा, तिसऱ्या आणि चौथ्या चित्रात मोठी झेप घ्यावी, पाचव्यात हव्या त्या जागेच्या किंचित वर जावा आणि सहाव्यात परत खाली येऊन स्थिरावा. त्यानंतर पाच-सहा चित्रे काहीही हलवू नये. हा थांबा नवशिक्याला वाया गेलेला वाटतो, पण प्रेक्षकाला हावभाव कळण्यासाठी तोच लागतो.

मान वळवतानाही हेच सूत्र वापरावे. दारावर थाप पडली आणि माणसाने तिकडे पाहिले, यासाठी चार चित्रे पुरतात : पहिल्यात डोके दहा अंश वळावे, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात ऐंशी आणि चौथ्यात पूर्ण काटकोन. आधी डोके वळते, मग अर्ध्या सेकंदाने पाय आणि धड वळते. संपूर्ण माणूस एकदम फिरवला, तर तो फिरत्या चकतीवर उभा असल्याचा भास होतो.

चालण्याचे गणित थोडे सविस्तर पाहावे लागते. विटेवरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात आणि दोन स्टडमधील अंतर 8 मिलिमीटर असते. माणसाचे पाय स्टडवर घट्ट बसतात, त्यामुळे तो पडत नाही; परंतु त्यामुळेच तो 8-8 मिलिमीटरच्या उड्यांनी पुढे जातो. सुरळीत चालीसाठी रस्ता किंवा फरशी स्टड नसलेल्या गुळगुळीत टाइलची बांधावी आणि पायाखाली भिंतीवर चित्रे चिकटवण्यासाठी मिळणाऱ्या ब्लू टॅकचा मुगाएवढा गोळा लावावा.

सेकंदाला 12 चित्रे धरल्यास एका पावलाला चार चित्रे द्यावीत. पहिल्या चित्रात उजवा पाय पुढे आणि डावा मागे फाकलेला असतो, डावा हात पुढे आणि उजवा मागे असतो, आणि पाय फाकल्यामुळे धड सर्वांत खाली असते. दुसऱ्यात पाय निम्मे जवळ येतात. तिसऱ्यात दोन्ही पाय जुळतात, हात बाजूला येतात आणि धड सर्वांत वर जाते. चौथ्यात डावा पाय निम्मा पुढे जातो, आणि पाचव्या चित्रापासून हाच क्रम उलट पायांनी सुरू होतो. प्रत्येक चित्रात माणूस सुमारे 3 मिलिमीटर पुढे सरकवला की एका पावलात दीड स्टडचे अंतर कापले जाते. चौकटीबाहेर, माणसाच्या रेषेत, 3-3 मिलिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी ठेवली म्हणजे अंदाज चुकत नाही. धडाचे हे वर-खाली होणे गुडघे नसलेल्या माणसाला वजन देते, म्हणून ते कधीही गाळू नये. थकलेल्या माणसासाठी पावलाला सहा चित्रे द्यावीत आणि अंतर कमी करावे. धावणाऱ्यासाठी तीन चित्रे द्यावीत, धड पुढे झुकवावे आणि एका चित्रात दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले दाखवावेत.

पडणाऱ्या वस्तूचे वजन अनेकदा चुकते, कारण ती टेबलावर जशी पडते तशीच दाखवली जाते. खऱ्या माणसाच्या तुलनेत मिनिफिगर सुमारे 42 पट लहान आहे. म्हणून 20 सेंटिमीटर उंचीच्या मनोऱ्यावरून पडणारी पेटी त्याच्या जगात साडेआठ मीटरवरून पडत असते आणि तिला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ, म्हणजे 16 चित्रे, लागायला हवीत. गुरुत्वाकर्षणाने पडणारी वस्तू सारख्या कालांशांत 1, 3, 5, 7 अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरे कापते. पहिल्या चित्रात ती जेमतेम पाऊण मिलिमीटर आणि शेवटच्या चित्रात तब्बल अडीच सेंटिमीटरच्या जवळपास खाली येते, आणि हा वाढता वेगच तिला जडपणा देतो.

फारच वेगवान हालचालीत, उदाहरणार्थ ठोसा मारताना, दोन चित्रांमधील अंतर इतके मोठे होते की डोळा ते जोडू शकत नाही. अशा वेळी एका चित्रापुरत्या हाताच्या मागे त्याच रंगाच्या दोन-तीन पातळ पट्ट्या लावून हात लांबलेला दाखवावा. एक चित्र वेगळे पाहिले तर ते विचित्र वाटते, पण चालत्या चित्रपटात वेगाची रेघ दिसते. संगणकावर धूसरता घालण्यापेक्षा विटांनीच केलेली ही युक्ती मला अधिक आवडते, कारण ती त्या जगाचीच वाटते.

चेहरा

सुरुवातीच्या सर्व मिनिफिगरना एकच स्मितहास्य होते. 1989 च्या समुद्री चाच्यांपासून निरनिराळे भाव छापले जाऊ लागले. आज अनेक डोक्यांवर पुढे एक आणि मागे, केसांखाली झाकलेला, दुसरा भाव असतो. भाव बदलताना डोके थेट समोरासमोर बदलू नये. माणूस मान वळवत असताना किंवा खाली पाहत असताना बदलले, तर बदल खटकत नाही. डोके काढताना एका हाताने धड धरावे आणि नंतर ओनियन स्किनवर ते हलले नसल्याची खात्री करावी. पापण्या मिटण्यासाठी संगणकावर डोळ्यांवर चेहऱ्याचाच रंग एक-दोन चित्रांपुरता भरला की पुरते, आणि दर तीन-चार सेकंदांनी झालेली ही उघडझाप उभ्या माणसाला जिवंत ठेवते. ओठ हलवण्याच्या खटाटोपात मी पडण्याचा सल्ला देणार नाही. बोलणाऱ्याची मान आणि हात शब्दांच्या ठेक्यावर हलवले आणि ऐकणाऱ्याला स्थिर ठेवले, तर कोण बोलत आहे हे निःसंशय कळते.

प्रत्येक दृश्यापूर्वी मायक्रोफायबरच्या कापडाने चेहरा आणि धड पुसावे. जवळच्या दृश्यात बोटाचा ठसा माणसाच्या छातीएवढा दिसतो.

उड्डाण, धूर आणि पाणी

माणूस हवेत दाखवण्यासाठी नायलॉनचा दोरा वापरण्याचा मोह होतो, पण दोऱ्यावरचा माणूस झुलत राहतो आणि दर चित्राला मिनिटभर थांबावे लागते. त्याऐवजी त्याला मागून एका दांड्यावर घट्ट बसवावे. दृश्य टिपण्याआधी आणि नंतर, माणूस व दांडा दोन्ही काढून, रिकाम्या मांडणीचे एकेक चित्र घ्यावे. संकलनात हे रिकामे चित्र खाली आणि दांड्याचे चित्र वर ठेवून दांड्याचा भाग पुसला की मागची भिंत दिसू लागते आणि माणूस अधांतरी राहतो. दांड्याची सावलीसुद्धा पुसावी लागते, म्हणून दांडा सुरुवातीलाच असा लावावा की त्याची सावली चौकटीबाहेर पडेल. उजेड आणि कॅमेरा कुलूपबंद असल्याशिवाय ही युक्ती साधत नाही, कारण नाहीतर पुसलेला भाग ठिगळासारखा वेगळ्या रंगाचा दिसतो.

धुरासाठी पिंजलेला कापूस उत्तम. तो लहान व दाट पुंजक्याने सुरू करावा, प्रत्येक चित्रात वर सरकवत मोठा व विरळ करावा आणि शेवटी काढून टाकावा. मागून दिवा टाकल्यास त्याला खोली येते. आगीसाठी पारदर्शक नारिंगी आणि पिवळे तुकडे दर दोन चित्रांनी बदलावेत. स्फोटात पांढऱ्या झगमगाटाची चित्रे घालताना ती सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा चमकणार नाहीत हे पाहावे, कारण काही प्रेक्षकांना अशा लुकलुकीचा खरोखर त्रास होतो. पाणी पारदर्शक निळ्या गोल तुकड्यांनी दाखवावे आणि ते दर चित्राला थोडे फिरवावेत.

कॅमेरा हलवणे

कॅमेरा हलवायचा असेल तर तोही पात्राच्याच नियमांनी हलवावा : सुरुवातीला अर्धा मिलिमीटर, मग एक, मग दोन, आणि शेवटी पुन्हा अर्ध्यावर येऊन थांबावे. मोबाइलसाठी टाइलच्या रुळावर सरकणारी गाडी विटांचीच बांधता येते आणि रुळाच्या कडेला मोजपट्टी चिकटवता येते. सरकणे अवघड असेल, तर मोठे छायाचित्र टिपून संकलनात चौकट सरकवावी. छायाचित्राची रुंदी 4000 पिक्सेल आणि चित्रपटाची 1920 असेल, तर निम्म्यापर्यंत जवळ जाऊनही स्पष्टता कमी होत नाही. मात्र त्यात पुढच्या आणि मागच्या वस्तू एकमेकींपासून सरकत नाहीत, म्हणून गर्दीच्या रस्त्यावरचे दृश्य खऱ्या सरकत्या कॅमेऱ्यानेच घ्यावे.

दृश्य संपले की लगेच मांडणी मोडू नये. सगळी चित्रे संगणकावर उतरवून, मोठ्या पडद्यावर एकदा पूर्ण वेगाने आणि एकदा चित्रागणिक पाहावीत, रिकाम्या मांडणीचे चित्र घेतल्याची खात्री करावी, आणि एखादे चित्र पुन्हा टिपावे लागणार नाही असे दिसले तरच दिवे बंद करावेत.